रामोस, होर्हे
(१६ मार्च १९५८ – ). मेक्सिकोत जन्मलेले अमेरिकन दूरचित्रवाणी पत्रकार. मेक्सिको सिटीत सरकारला न रुचणाऱ्या वृत्तांतावर वरिष्ठांनी कात्री चालवली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, मोटार विकली आणि १९८३ मध्ये विद्यार्थी व्हिसावर लॉस एंजेलिस गाठले. ‘युनिव्हिजन’ या स्पॅनिश वाहिनीचे ते १९८६ ते २०२४ वृत्तनिवेदक होते.

ते पत्रकार नसून स्थलांतरितांचे वकील आहेत, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. २०१५ मध्ये आयोवातील पत्रकार परिषदेत अध्यक्षपदाचे इच्छुक उमेदवार डॉनल्ड ट्रम्प यांनी नाव न पुकारताच त्यांनी प्रश्न विचारला व त्यांना बाहेर काढण्यात आले. पाळी मोडल्याचा दोष खरा आहे. पण पक्षपाताचा आरोप टिकत नाही. स्थलांतर कायद्याचे वचन मोडल्याबद्दल २०१२ मध्ये त्यांनी तत्कालीन अध्यक्ष ओबामांनाही तोंडावर जाब विचारला होता. सेन्सॉरशिप सोसलेला माणूस सत्तेचा रंग पाहत नाही, हेच त्यांच्या कामातून दिसते. २०१९ मध्ये काराकासमध्ये त्यांनी कचऱ्याच्या गाडीतून अन्न वेचणाऱ्या तरुणांचे चित्रण व्हेनेझुएलाचे तत्कालीन अध्यक्ष मादुरो यांच्यासमोर धरले. मादुरो मुलाखतीतून उठले. रामोस व सहकाऱ्यांना दोन तासांहून अधिक काळ अडकवून ठेवण्यात आले व चित्रफिती जप्त झाल्या. ती मुलाखत पुढे युनिव्हिजनच्या हाती आली आणि त्याच वर्षी प्रसारित झाली.