अलबेला (चित्रपटसंगीत, १९५१)

भगवानदादा (भगवान आबाजी पालव) यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेल्या अलबेला या हिंदी चित्रपटाचे संगीत. संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–१९८२), गीतकार राजेंद्र कृष्ण. बहुतेक गाणी लता मंगेशकर व स्वतः चितळकर यांच्या आवाजात. ‘पाश्चात्त्य चालींची गाणी’ अशी या संगीताची नोंद सहसा होते, ती अपुरी आहे. पाश्चात्त्य आहे तो ठेका आणि वाद्यमेळ. गाण्याची बांधणी देशीच आहे. मुंबईच्या हॉटेलांत नाचासाठी वाजवणाऱ्या गोवेकर वादकांची लॅटिन लय आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या संगीतकाराचे सुगम गाणे यांतून ते घडले.

‘शोला जो भडके’ ऐकताना हे स्पष्ट कळते. बोंगोची थाप लय धरून ठेवते; ओबो, क्लॅरिनेट, ट्रंपेट व सॅक्सोफोन मधल्या जागा भरतात; पण गायकांची ओळ मुखड्यावरून निघते आणि अंतरा संपवून मुखड्यावरच येते. या फुंकवाद्यांमागे रामचंद्रांचे सहायक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा. मूळ नाव आंतोनियो झेव्हियर वाझ, गाव गोव्यातल्या बार्देशातले हळदोणे, वाद्य ट्रंपेट. ‘दीवाना ये परवाना’मध्ये ते झालरींच्या बाह्यांचे लॅटिन धर्तीचे सदरे घातलेल्या आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. एरवी ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर ज्यांचे नावही पोचत नसे, त्या वादकांना इथे चेहरा मिळाला. या संगीताच्या इतिहासात हे फार मोलाचे आहे.

या संगीतावर नकलेचा आक्षेप घेतला जातो. ‘शोला’च्या नाचात वेश हवाई बेटांची आठवण देणारा आणि लय लॅटिन, अशी सरमिसळ आहे, हे खरेच. पण त्याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’ ही पिलू रागाची छाया असलेली अंगाई आहे. एकाच कथेत दोन्ही रंग सहज हाताळणारा संगीतकार नाइलाजाने उसनवारी करत नाही. प्रसंग पाहून लय निवडतो. रामचंद्रांनी शहनाई (१९४७) मध्ये गिटार व हार्मोनिका आधीच वापरली होती, म्हणून अलबेलात नवे ते काय, असाही प्रश्न येतो. नवे ते हे: अलबेलाचा नायक रंगमंचावर नाव कमावण्याच्या ध्यासाने घर सोडतो. त्यामुळे नृत्यसंगीत इथे कथेचाच भाग आहे. भगवानदादांच्या संथ, हात झुलवत टाकलेल्या पावलांनाही हीच आटोपशीर लय मानवली, आणि न शिकताही जमणारा तो नाच वरातींत व गणपतीच्या मिरवणुकांत रुजला.

वादकांच्या श्रेयाबाबत तबकड्यांचा रिवाजही लक्षात घ्यावा लागतो. त्या काळी गाणी लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत; एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे एक गाणे. तबकडीवर चित्रपट व गायक यांची नावे छापली जात, वादकांची सहसा नाहीत. चिक चॉकलेट यांचे श्रेय झाकले गेले ते मुख्यतः या रिवाजामुळे.