राजापूर : गाळात रुतलेले बंदर

अर्जुना नदीच्या काठी, समुद्रापासून बरेच आत, डोंगरांच्या बेचक्यात वसलेले राजापूर आज रत्नागिरी जिल्ह्यातील एक लहानसे तालुक्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. परंतु मुंबई हे पोर्तुगीजांच्या अमलाखालील एक सामान्य बेट होते, त्या काळी विजापूर दरबाराच्या मुलखाचा माल ज्या मोजक्या बंदरांतून अरबस्तानाकडे रवाना होई, त्यांत राजापूरची गणना अग्रभागी होत असे. अणुस्कुरा घाटाने बैलांचे तांडे उतरत, मिरी आणि कापड धक्क्यावर येई, आणि परतीच्या बैलांच्या पाठीवर मिठाची पोती चढत. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी येथे वखार घातली ती या उलाढालीच्या लोभाने. त्याच वखारवाल्यांनी १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहराला तोफगोळ्यांची मदत केली, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी वखार लुटून, खणत्या लावून, त्यांना कैदेत टाकले. ज्या गावासाठी बलाढ्य सत्तांनी असा खटाटोप करावा, ते गाव पुढे रिकामे होत जावे, ही गोष्ट मला केवळ कालगतीवर सोपवून देता येत नाही.

पहिला घात गाळाने केला. दर पावसाळ्यात डोंगरांची माती खाडीत उतरत गेली, पात्र उथळ झाले, आणि मोठी गलबते दगडी धक्क्यापासून काही मैल अलीकडेच थांबू लागली. माल मचव्यांतून आणावा लागे. तरीही बंदर जगले असते, कारण उथळ पाण्याशी कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत आला आहे. पण १८९१ मध्ये कोल्हापुरास आगगाडी पोहोचली आणि घाटमाथ्याच्या मालाने समुद्राकडे पाठ फिरवली. बैलांचे तांडे थांबले, त्यांच्यामागून आडत गेली, आडतीमागून सराफ आणि कासारही गेले.

माल थांबण्याच्या आधीपासूनच माणसे निघू लागली होती. त्यांच्या निघण्याचे कारण मात्र बंदरात नव्हते, ते सातबाऱ्यावर होते. तालुक्याची बहुतेक जमीन खोतांकडे. कुळाने डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवावी आणि तिचा मोठा वाटा खोताच्या खळ्यावर पोहोचवावा, वर वेठही करावी. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा या कुळांना रोख पगाराचे दार उघडे दिसले. आगबोटीच्या खालच्या डेकवर वळकटी टाकून ते निघाले आणि गिरणगावच्या खोल्यांत दाटीवाटीने राहू लागले. गावाने त्यांना नाव दिले ‘चाकरमानी’. त्या शब्दात कौतुक आहे, आणि हा माणूस आता आपला पाहुणा झाला ही कबुलीही आहे. मागे राहिलेल्या स्त्रियांनी भात लावले, सासू-सासरे सांभाळले, पोस्टमनची वाट पाहिली. कोकणच्या इतिहासात या स्त्रियांना जे स्थान मिळायला हवे, ते अद्याप कोणी दिलेले नाही, याचे मला दुःख वाटते.

१९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण गेलेले परतले नाहीत. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. तेव्हाही गावाकडे आलेल्यांपेक्षा मुंबईच्या उपनगरांत पाय रोवलेल्यांचीच संख्या अधिक भरावी, कारण तोवर मुलांच्या शाळा तिकडच्या झाल्या होत्या. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ भरली. आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२! १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली खरी, पण राजापूरचे स्थानक शहरापासून कित्येक मैल दूर आहे. गाडी सुरुवातीपासून इकडच्या माणसांना मुंबईस नेण्याच्या कामी अधिक आली, मुंबईची माणसे इकडे राहावयास आणण्याच्या कामी कमी.

आजही श्रावणात अर्जुना आणि कोदवली या नद्या एकाच वेळी फुगल्या की जुन्या बाजारपेठेत पाणी शिरते. दुकानदार घाईघाईने माल माळ्यावर चढवतात. जी नदी आता गलबत आणू शकत नाही, ती पाणी तेवढे उंबऱ्यापर्यंत आणते. आणि पूर ओसरल्यावर, तरुण मुले मुंबईत असल्यामुळे, साठी ओलांडलेली माणसे फावडी घेऊन तोच गाळ दुकानांतून बाहेर ओढीत असतात.