दिव्याखालचा अंधार

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीच्या वर्गांना इतिहास शिकवतो. एका शनिवारी परीक्षा नुकतीच आटोपलेली होती आणि मुलांचे अभ्यासात लक्ष नव्हते. म्हणून आम्ही वर्गात डिस्ने कंपनीचा 1992 सालचा ‘अलादीन’ हा कार्टून चित्रपट हिंदीतून दाखवला. मुले खूश झाली. चित्रपट संपल्यावर एक मुलगा भिंतीवरच्या नकाशाजवळ गेला आणि विचारू लागला, “सर, नक्शे में अगराबा किधर है?”

आम्ही सांगितले की अगराबा हे काल्पनिक शहर आहे. खरे शहर म्हणजे बगदाद. आणि थोड्या अभिमानाने पुढे म्हणालो की ही गोष्ट आपल्या ‘अलिफ लैला’तली, हजार वर्षांपूर्वीची अरबांची गोष्ट आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मग सर, तिथले लोक एका सफरचंदासाठी मुलीचा हात कापायला का निघतात?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. घंटा झाली आणि आमची सुटका झाली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्यानंतर जे वाचले, त्यातून एक गोष्ट कळली. चित्रपटवाल्यांनी बगदादविषयी जे सांगितले ते जसे खरे नव्हते, तसे आम्ही वर्गात छाती फुगवून जे सांगितले तेही खरे नव्हते. तो हिशेब येथे वाचकांसमोर मांडत आहोत.

आधी चित्रपटांविषयी. बगदाद आणि पडदा यांचे नाते फार जुने आहे. 1924 साली डग्लस फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा मूकपट आला. उडता गालिचा, जादूची दोरी, मोठमोठे महाल पाहून लोक थक्क झाले. भारतातही हा चित्रपट तुफान चालला. 1926 साली जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळा कागद कापून आकृत्या केल्या आणि त्यांच्या सावल्यांचा ‘प्रिन्स अहमदची साहसे’ हा चित्रपट बनवला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना मानला जातो, आणि त्यातही अलादीन आहे. म्हणजे वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’च्या अकरा वर्षे आधीच अलादीन ॲनिमेशनच्या पडद्यावर पोहोचला होता.

1940 साली अलेक्झांडर कोर्डा यांनी रंगीत ‘द थीफ ऑफ बगदाद’ काढला. त्यात चोराचे काम साबू या मुलाने केले. हा साबू म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा. चित्रीकरण इंग्लंडमध्ये सुरू झाले, पण महायुद्ध पेटल्यामुळे ते अमेरिकेत नेऊन पूर्ण करावे लागले. या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले. आपल्या मुंबईत होमी वाडिया यांनी 1952 साली ‘अलादीन और जादुई चिराग’ काढला. त्यात महिपाल आणि मीनाकुमारी होते. आमच्या पिढीला हे सारे दूरदर्शनवर 1993 पासून आलेल्या सागर मंडळींच्या ‘अलिफ लैला’ मालिकेतून भेटले. त्या वेळी मोहल्ल्यात ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओट्यावर चपलांचा ढीग असे.

डिस्नेच्या ‘अलादीन’ने या सगळ्यांवर मात केली. त्या वर्षी जगात सर्वाधिक कमाई करणारा हा चित्रपट. उत्पन्न 50 कोटी डॉलरच्या वर. 1994 साली त्याचा पुढचा भाग थिएटरात न आणता सरळ व्हिडिओ कॅसेटवर विकला गेला आणि घरबसल्या कुटुंबाने सिनेमा पाहण्याच्या धंद्याला नवी वाट मिळाली.

आता त्या मुलाच्या नकाशाकडे वळू. सुरुवातीला या चित्रपटातले शहर बगदादच होते. पण जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि अमेरिकेची विमाने बगदादवर बॉम्ब टाकू लागली. अशा वेळी अमेरिकन मुलांना बगदादच्या नायकाची गोष्ट कशी दाखवायची? म्हणून शहराचे नाव बदलून अगराबा केले गेले. नाव गेले, पण घुमट, बाजार, पगड्या आणि वाळवंट तसेच राहिले. सुरुवातीच्या गाण्यात तर आमच्याकडे चेहरा आवडला नाही तर कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतील अरब नागरिकांच्या संघटनेने निषेध केला, तेव्हा 1993 च्या व्हिडिओ आवृत्तीत ती ओळ बदलली. त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच ठेवला. तो जायला 2019 चा नवा ‘अलादीन’ यावा लागला.

कोणी म्हणेल, कार्टून चित्रपटाचे एवढे काय मनावर घ्यायचे? त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतील एका जनमत चाचणी संस्थेने लोकांना विचारले, अगराबावर बॉम्ब टाकावेत काय? रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांपैकी 30 टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांतही ‘हो’ म्हणणारे 19 टक्के होते. जे शहर पृथ्वीवर नाही, त्याचे केवळ नाव ऐकून ते बॉम्ब टाकण्याजोगे आहे, असे इतक्या माणसांना वाटले. मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न आम्हाला यामुळेच गंभीर वाटतो.

येथवर आमची तक्रार दुसऱ्यांविषयी होती. आता आमच्या चुकीकडे येतो.

अलादीनची गोष्ट ‘अलिफ लैला’च्या एकाही जुन्या अरबी हस्तलिखितात नाही. अलीबाबा आणि चाळीस चोरही नाहीत. ‘अलिफ लैला’ हा ग्रंथ जुना आहे यात शंका नाही. त्याच्या पहिल्या पानाचा एक कागदी तुकडा नवव्या शतकातला आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अन-नदीम यांनी आपल्या ग्रंथसूचीत या कथांचे मूळ ‘हजार अफसान’ नावाच्या फारसी पुस्तकात असल्याचे लिहिले आहे. आंतवान गालां या फ्रेंच विद्वानाला सीरियातून या कथांचे हस्तलिखित मिळाले आणि 1704 पासून तो फ्रेंचमध्ये एकेक खंड छापू लागला. पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या. पण हस्तलिखितात तीनशेसुद्धा रात्री नव्हत्या. गोष्टी संपत आल्या आणि वाचक तर आणखी मागत होते.

अशा वेळी मार्च 1709 मध्ये पॅरिसमध्ये गालांची गाठ एका तरुणाशी पडली. त्याचे नाव हन्ना दियाब. हलब शहरचा, मातृभाषा अरबी, धर्माने मारोनी ख्रिस्ती, वय विशीच्या आसपास. पॉल लुकास नावाच्या फ्रेंच प्रवाशाबरोबर तो दुभाषा म्हणून आला होता. मे महिन्यात हन्नाने गालांला एकामागून एक गोष्टी सांगितल्या आणि गालांने आपल्या रोजनिशीत त्या टिपून ठेवल्या. अलादीन त्यातलाच, अलीबाबा त्यातलाच. रोजनिशीत हन्नाचे नाव आहे. छापलेल्या पुस्तकात मात्र ते कोठेही नाही. पुढे अलादीनची अरबी हस्तलिखितेही ‘सापडली’. परंतु मुहसिन महदी या इराकी विद्वानाने 1984 नंतर दाखवून दिले की ती पॅरिसमध्येच फ्रेंचवरून उलट अरबीत केलेली होती.

म्हातारपणी, 1764 साली, हन्नाने आपल्या सफरीची हकीकत हलबच्या बोलीभाषेत लिहिली. ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होती. सुरुवातीची पाने गहाळ असल्याने लेखक कोण हेही कोणाला ठाऊक नव्हते. 1993 साली ते हन्नाचेच आत्मवृत्त असल्याचे ओळखले गेले आणि 2015 मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद निघाला. त्यात तो सांगतो की हलब सोडल्यानंतर लुकासने एका मेंढपाळाला एका जुन्या थडग्यात उतरवले आणि त्याने आतून एक अंगठी आणि एक दिवा बाहेर काढला. वाचकहो, अंगठी आणि दिवा! पुढे हन्नाने व्हर्सायचा राजवाडा पाहिला, चौदाव्या लुईसमोर त्याला उभे केले गेले. राजाच्या ग्रंथालयात नोकरी लावण्याचे आश्वासन लुकासने त्याला दिले होते, ते कधीच पुरे झाले नाही. 1710 साली तो हलबला परतला आणि कापडाच्या धंद्याला लागला. गरीब मुलगा महालापर्यंत कसा पोहोचतो, ही गोष्ट सांगणारा स्वतः महालाच्या दारातून रिकाम्या हाताने परतला. त्याने सांगितलेली गोष्ट मात्र पुढे साऱ्या जगाची झाली.

मग ही गोष्ट कोणाची? कथेत अलादीन चीनच्या शहरात राहतो. जादूगार मगरिबचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेचा. सांगणारा सीरियाचा ख्रिस्ती, लिहिणारा फ्रेंच. तिच्यावर ‘आपली’ असा शिक्का मारून आम्ही मुलांना अर्धवट माहिती दिली. हॉलिवूडने न तपासता बदनामी केली आणि आम्ही न तपासता अभिमान बाळगला.

आणि ज्याचा अभिमान तपासूनही टिकतो, ते आम्ही सांगितलेच नव्हते. खलिफा मन्सूर यांनी 762 साली वसवलेल्या गोलाकार बगदादमध्ये जिन नव्हता, पण कागद होता. चित्रपटात जो दुष्ट वजीर जाफर आहे, त्याचे नाव खऱ्या जाफर बिन यह्या बरमकीचे आहे. ‘अलिफ लैला’च्या जुन्या कथांत हा जाफर हारून रशीदबरोबर रात्री वेश पालटून फिरतो, आणि तेथे तो खलनायक नाही. बरमकी घराणे बल्खचे. त्यांचे पूर्वज तेथील ‘नवबहार’ या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. नवबहार म्हणजे आपला संस्कृत ‘नवविहार’. जाफरचा भाऊ फझल याने बगदादमध्ये कागद बनवण्याला चालना दिली, असे इब्न खल्दून लिहितात. वडील यह्या यांच्या सांगण्यावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहितेचे अरबीत भाषांतर केले. त्याच शहरात ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले आणि हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती हकिमाने जालीनूसचे ग्रंथ अरबीत आणले. 803 साली हारून रशीदने याच जाफरला ठार करवले आणि घराणे धुळीस मिळवले, हेही खरे. चांगले तेवढे सांगून वाईट झाकण्याची गरज नाही.

सिंदबादच्या चित्रपटांचेही तसेच. 1958 साली रे हॅरीहाउसेनने ‘सिंदबादची सातवी सफर’मध्ये एकडोळ्या राक्षस चालवून दाखवला आणि तो साहसपटांतला एक टप्पा ठरला. पण बसरा आणि सिराफ बंदरांतून निघणारे खरे खलाशी कोठे जात होते? त्यांतले कित्येक आपल्या कोकणात येत होते. बगदादला जन्मलेला इतिहासकार मसऊदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916-17 च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल. राष्ट्रकूट राजाच्या त्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले होते, तसे येथेच जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. सिंदबादच्या बेटांना नकाशा नाही. चौलला आजही एस.टी. जाते.

2003 च्या एप्रिलमध्ये बगदादचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. 2012 साली हन्नाच्या हलबचा जुना बाजार जळाला. या दोन बातम्या किती जणांच्या लक्षात आहेत? अगराबा मात्र जगभरच्या मुलांना पाठ आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात आधी आपली चूक कबूल केली. हन्ना दियाबचे नाव फळ्यावर लिहिले, नकाशात हलब, बगदाद आणि चौल दाखवले. मागच्या बाकावरच्या मुलीला सांगितले की तू विचारलेस ते बरोबर होते. त्या बाजारातली माणसे चित्र काढणाऱ्यांच्या डोक्यातून आलेली होती, बगदादमधून नाही. मग घरचा अभ्यास दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट ऐकायची, लिहून आणायची आणि वर सांगणाऱ्याचे नाव घालायचे.

सोमवारी वह्या आल्या. चांगल्या गोष्टी होत्या. पण निम्म्याहून अधिक वह्यांवर नावाच्या जागी नुसते ‘दादी’ किंवा ‘नानी’ लिहिलेले होते. आम्ही विचारले, दादीचे नाव काय? मुले एकमेकांकडे पाहू लागली. नकाशात अगराबा शोधणारा तो मुलगाही गप्प होता.

आम्ही वह्या परत दिल्या आणि सांगितले की घरी जाऊन विचारून या. दुसऱ्या दिवशी तो मुलगा धावत आला. त्याने दादीचे पूर्ण नाव वहीत लिहून आणले होते. दादी म्हणे आधी हसली, आणि मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली.