बॅटरी भरली, हे चार्जरला कळते कसे?

१/ रेडिओ-नियंत्रित मोटार, विमान किंवा ड्रोन चालविणाऱ्या एखाद्या मित्राचा चार्जर सुरू करून पाहा. पडद्यावर एकामागून एक नावे येतात: लायपो, लायफे, एनआयएमएच, निकॅड, पीबी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही यादी उत्खननातल्या थरांसारखी दिसते. वरचे थर अलीकडचे, तळाचा १८५९ सालचा. फरक एवढाच, की येथे चुकीचा थर निवडला तर घराला आग लागू शकते. नवा चार्जर घेण्यापूर्वी हे थर एकदा उलगडून पाहू. #थ्रेड

२/ पीबी म्हणजे शिसे. पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये शिसे आणि आम्ल वापरून केली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नौका दाखविली, तिच्या पोटात पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्याच होत्या. आपल्या छंदाचा मूळपुरुष शोधायचा तर तो येथे सापडतो.

३/ हवेत मात्र शिशाचे वजन कोण उचलणार? १९३७ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे रेडिओ-नियंत्रित विमान उडविले, ते पेट्रोलच्या इंजिनावर. बॅटरीकडे फक्त रेडिओचे काम होते. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांचे ‘रेडिओ क्वीन’ विजेच्या मोटारीवर उडाले. त्यासाठी चांदी-जस्ताच्या महागड्या बॅटऱ्या लागल्या. सामान्य छांदिष्टाच्या खिशाला परवडणारी बॅटरी दुसरीच होती.

४/ ती निकॅड, म्हणजे निकेल-कॅडमियम. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने ती १८९९ मध्येच घडविली होती, पण छंदाच्या जगात ती रुळली १९६० च्या दशकात, रेडिओ संचांबरोबर. तिचा चार्जर साधा. ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर सुमारे ५० मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाह चौदा-सोळा तास द्यायचा. रात्री लावा, सकाळी काढा. भरल्यानंतरही इतका मंद प्रवाह ती उष्णतेच्या रूपाने पचवीत असे. बॅटरी केव्हा भरली, हा प्रश्न चार्जरला पडतच नव्हता.

५/ तो पडला मोटारींमुळे. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ चे विजेवर धावणारे रेडिओ-नियंत्रित मॉडेल आणले आणि शर्यतींचे वेड पसरले. काही मिनिटांत संपणाऱ्या बॅटरीसाठी सोळा तास थांबायचे कोणी? मग मैदानाच्या कडेला खऱ्या मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीला चार्जर जोडून, चावीच्या घड्याळावर पंधरा मिनिटे लावून निकॅड भरल्या जाऊ लागल्या. १२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत पंधरा मिनिटांत पाचेक अँपिअर प्रवाह ओतायचा! घड्याळाला वेळ कळते, बॅटरीची अवस्था कळत नाही. अर्धी भरलेली बॅटरी चुकून पूर्ण पंधरा मिनिटे लावली, की ती तापून निकामी. म्हणून जाणते खेळाडू मधून मधून बॅटरीवर हात ठेवून पाहत. त्या काळचे तापमापक तेच.

६/ यावरचा तोडगा मला या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. निकॅड भरत जाते तसा तिचा विद्युतदाब चढतो. पूर्ण भरली, की आलेली ऊर्जा उष्णतेत जाते, सेल तापतो आणि दाब किंचित उतरतो. उतार किती, तर दर सेलमागे दहा-वीस मिलिव्होल्ट. तेवढा टिपणारे इलेक्ट्रॉनिक चार्जर आले, त्यांना ‘डेल्टा पीक’ म्हणतात. घड्याळाचा कारभार संपला. बॅटरी स्वतःच ‘पुरे’ म्हणू लागली आणि चार्जर ते ऐकू लागला.

७/ पुढे कॅडमियमचे विष टाळणारी, अधिक ऊर्जा साठविणारी एनआयएमएच आली. तिचा ‘पुरे’ हा उद्गार फार क्षीण, दर सेलमागे सुमारे पाच मिलिव्होल्ट. जुन्या निकॅड चार्जरला तो ऐकूच येईना. यादीत या दोघींची नावे वेगळी आहेत ती याचसाठी.

८/ मग लिथियम. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिची हलकी, पाकिटासारखी भावंडे, म्हणजे लायपो, मॉडेल विमानांत शिरली. येथे जुना नियम मोडतो. लायपो भरली तरी तिचा दाब उतरत नाही, चढतच राहतो. म्हणून चार्जरने आधी स्थिर प्रवाह द्यायचा, दर सेलला ४.२ व्होल्ट होताच दाब तेथेच रोखायचा आणि प्रवाह आपोआप ओसरू द्यायचा.

९/ आता कल्पना करा, लायपो जोडली आणि यादीतून चुकून एनआयएमएच निवडले. चार्जर उताराची वाट पाहत बसतो. तो उतार कधीच येत नाही. मर्यादेपलीकडे भरलेल्या सेलमध्ये लिथियम धातू साचतो, वायू होतो, पाकीट फुगते आणि पेटू शकते. चार्जर बिघडलेला नसतो. १९८० च्या दशकातला नियम तो इमानाने पाळत असतो.

१०/ आणखी एक खाच आहे. तीन सेलच्या बॅटरीचा एकूण दाब १२.६ व्होल्ट दिसला, तरी आत ४.३, ४.२ आणि ४.१ अशी विषम वाटणी असू शकते. म्हणजे एक सेल धोक्यात, आणि बेरीज मात्र बरोबर! यासाठी प्रत्येक सेल स्वतंत्र मोजणारी ‘बॅलन्स’ वायर आली. बॅटरीच्या बाजूची ती छोटी पांढरी जोडणी न वापरता लायपो भरू नये. सेलची संख्या चुकीची निवडली गेली, तर चार्जरला ते कळते तेही तिच्यामुळेच.

११/ मग विकत काय घ्यावे? बॅलन्सची सोय नसलेला चार्जर लायपोसाठी घेऊच नये, स्वस्त असला तरी. त्यानंतर वॉट पाहावेत, आणि येथे जाहिराती फसवितात. २२०० मिलिअँपिअर-तासांची तीन सेलची बॅटरी तासाच्या हिशेबाने भरायला २.२ गुणिले १२.६, म्हणजे सुमारे २८ वॉट पुरतात. ५० वॉटचा चार्जर ते सहज करतो. पण ५००० ची सहा सेलची बॅटरी असेल, तर ५ गुणिले २५.२, म्हणजे १२६ वॉट हवेत. ५० वॉटच्या चार्जरवर ती अडीच तासांहून अधिक वेळ घेईल. खोक्यावर ‘१० अँपिअर’ छापलेले असले, तरी वॉट नसतील तर ते दहा अँपिअर मोठ्या बॅटरीला मिळत नाहीत. आणि कितीही चांगला चार्जर घेतलात, तरी लायपो फरशीवर ठेवून, डोळ्यांसमोर भरा.

१२/ जाता जाता ‘स्टोरेज’ या पर्यायाविषयी. निकॅडच्या काळातले लोक बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेवीत. ती सवय अनेक छांदिष्टांकडे वडीलधाऱ्यांकडून आजही चालत आली आहे. लायपो मात्र दर सेलला तीन व्होल्टच्या खाली गेली, की कायमची बिघडते आणि पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवली, तरी झिजते. तिला मधली अवस्था मानवते, दर सेलला सुमारे ३.८ व्होल्ट. स्टोरेज निवडले, की चार्जर बॅटरीला तेथे आणून ठेवतो, गरजेप्रमाणे भरून किंवा रिकामी करून. पावसाळ्यात उडविणे बंद असेल, तेव्हा हाच पर्याय वापरावा.