चाकणचा विमानतळ कोणी अडवला?

चाकणच्या मोटार कारखान्यातल्या माणसाला विमान पकडायचं तर आजही लोहगावला जावं लागतं. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 साली इंग्रजांनी उभारलेला. धावपट्टी हवाई दलाची, प्रवासी विमानं तिथं पाहुणी. पाहुण्यानं घर वाढवायचं म्हटलं तर किती वाढवणार? म्हणून नवा विमानतळ, आणि कारखाने जिथं आहेत तिथं, म्हणजे खेड तालुक्यात, असा विचार पुढं आला.

जागा एक नव्हती. चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात एकेक जागा सुचवली जायची, गावं विरोध करायची, मग पुढची जागा. हा विरोध समजून घ्यायचा तर या तालुक्यानं आधी काय काय दिलं ते बघा. चासकमान धरण, भामा आसखेड धरण, चाकण एमआयडीसीचे टप्पे, मग कनेरसर-निमगाव-दावडीकडचं सेझ. सेझमध्ये 15 टक्के विकसित जमीन परत देण्याचं ठरलं होतं आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. अशा माणसाला तुम्ही पुन्हा 'सार्वजनिक हित' सांगायला गेलात, तर तो आधी मागचा हिशेब विचारणारच.

2016 मध्ये खेडची जागा मागं पडली आणि विमानतळ पुरंदरला जाहीर झाला. सरकारी कारण काय? डोंगर. भूभाग विमानतळाला योग्य नाही. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण माझा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे 'कारण' हा शब्द आला की मी थांबतो. न्यायशास्त्रात एक गमतीचं उदाहरण आहे. घड्यासाठी माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो. माती वाहून आणणारं गाढवही असतंच. पण ते घड्याचं कारण नव्हे. त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आपल्या कागदोपत्री इतिहासात गावकऱ्यांचा विरोध हा असा गाढवाच्या जागी बसवला जातो. डोंगराचं म्हणणं नोंदवलं जातं, माणसाचं नाही. फार तर 'विलंब' म्हणून.

पलीकडं मावळात बघा. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून बंद नळानं पाणी आणायला शेतकऱ्यांचा विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले, आणि मगच काम थांबलं. आपण चिंचवडला बसून नळ उघडतो, तेव्हा हे आठवावं.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, सर, विमानतळ गेल्यावर खेडमध्येच हळहळ झाली की! झाली. 2019 च्या लोकसभेला शिरूरमध्ये तो प्रचाराचा मुद्दाही झाला. पण हळहळणारा आणि विरोध करणारा एकच होता का? नकाशावर रेषा ओढली की रेषेच्या आत असलेल्याची जमीन जाते आणि बाहेरच्याच्या जमिनीला भाव येतो. दोघेही 'स्थानिक'च. वर्तमानपत्रात दोघांना एकच शब्द वापरतात, त्यामुळे आपला घोटाळा होतो.

पुरंदरला मात्र मदतीला डोंगर आला नाही. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी अशी सात गावं. (कुंभार इथंही आलाच, योगायोग!) अंजीर-सीताफळाचा हा मुलूख. मे 2025 मध्ये ड्रोननं मोजणी सुरू झाली तेव्हा गावकरी आडवे आले, पोलिसांशी झटापट झाली. आणि संपादन कुठल्या कायद्यानं? 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यानं नव्हे, तर राज्याच्या 1961 च्या औद्योगिक विकास कायद्यानं. म्हणजे ज्या कायद्यानं भोसरी आणि चाकणच्या शेतांची एमआयडीसी झाली, त्याच कायद्यानं.

इथं थांबतो. कोणी खेडचे, पुरंदरचे असतील तर त्यांनी आधी बोलावं.