कीव्हचे इंग्रजी स्पेलिंग का बदलले?

#थ्रेड

१/ २ ऑक्टोबर २०१८ रोजी युक्रेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने जगभरातील इंग्रजी माध्यमांना उद्देशून एक मोहीम सुरू केली. मागणी एवढीच होती, की आमच्या राजधानीचे नाव के-आय-ई-व्ही असे न लिहिता के-वाय-आय-व्ही असे लिहावे. चार अक्षरांच्या शब्दातील हा फेरफार एका राष्ट्राला इतका महत्त्वाचा का वाटावा?

२/ देवनागरीत हा वाद दिसत नाही. मराठी वृत्तपत्रे 'कीव' किंवा 'कीव्ह' लिहितात आणि तेवढ्याने काम भागते. फरक मूळ भाषांमध्ये आहे. रशियन उच्चार साधारण 'कीयेफ' असा, तर युक्रेनियन उच्चार 'कियिव' असा, आणि त्यातला शेवटचा 'व' 'उ'कडे झुकणारा. के-आय-ई-व्ही हे पहिल्या रूपाचे लिप्यंतर आहे, के-वाय-आय-व्ही हे दुसऱ्याचे.

३/ नाव मात्र या वादाहून पुष्कळ जुने आहे. बाराव्या शतकात संकलित झालेल्या बखरवजा इतिवृत्तात क्यी, श्चेक, खोरिव हे तीन भाऊ आणि लिबिद ही त्यांची बहीण यांची आख्यायिका येते. थोरल्या क्यीच्या नावावरून ते 'क्यीचे नगर'. ९८८ मध्ये येथील राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १२४० मध्ये मंगोलांनी हे शहर उद्ध्वस्त केले.

४/ त्यानंतर शहरावर आधी लिथुएनियाची आणि मग पोलंडची सत्ता आली. त्या काळच्या लॅटिन नकाशांत 'किओविया' असे रूप आढळते. १६६७ च्या आंद्रुसोवो तहाने कीव्ह अवघ्या दोन वर्षांसाठी मॉस्कोच्या ताब्यात गेले, परंतु ते पोलंडला परत मिळाले नाही. पुढे पश्चिम युरोपला या शहराची ओळख प्रामुख्याने रशियन साम्राज्यातील एक शहर म्हणून झाली आणि त्याचे नावही रशियन कागदपत्रांतूनच पोहोचले.

५/ एकोणिसाव्या शतकात गोष्ट अधिक गंभीर झाली. १८६३ मध्ये रशियाचा गृहमंत्री वालुयेव याने परिपत्रक काढून सामान्य जनतेसाठीच्या युक्रेनियन धार्मिक व शैक्षणिक पुस्तकांवर बंधने घातली. अशी स्वतंत्र भाषा कधी नव्हती, नाही आणि असूच शकत नाही, असा विचार त्या परिपत्रकात मांडलेला होता. १८७६ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याने जर्मनीतील एम्स येथे सही केलेल्या हुकुमाने बहुतेक युक्रेनियन छपाई, परदेशातून येणारी युक्रेनियन पुस्तके आणि रंगभूमीवरील प्रयोगही रोखले.

६/ हा संदर्भ ध्यानात घेतला, की स्पेलिंगचा प्रश्न उलगडतो. ज्या शतकात इंग्रजीत के-आय-ई-व्ही हे रूप रूढ झाले, त्याच शतकात 'कियिव' म्हणणाऱ्या भाषेला स्वतःच्या शहरात पुस्तके छापण्याची मोकळीक नव्हती. इंग्रजांचा यात काही दुष्ट हेतू होता असे नव्हे. त्यांच्या कानी पडला तो राज्यकर्त्यांचा उच्चार.

७/ यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. इंग्रजी भाषा 'मस्कवा'ला मॉस्को म्हणते, 'वर्शावा'ला वॉर्सा म्हणते, 'म्युन्शेन'ला म्युनिक म्हणते. तेथे कोणी मोहीम काढत नाही. मग कीव्हचेच वेगळे काय? वेगळे हे, की के-आय-ई-व्ही हे इंग्रजीने स्वतः घडवलेले नाव नव्हते. ते तिसऱ्या भाषेचे होते आणि ती भाषा मूळ नावाच्या भाषेला दडपणाऱ्या सत्तेची होती.

८/ दुसरी गुंतागुंतही नाकारता येत नाही. विसाव्या शतकात कीव्हच्या रस्त्यांवर रशियन भाषा सर्रास ऐकू येई आणि अनेक कुटुंबांची घरातली भाषाही तीच होती. तथापि, १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमधील ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. नावाचा हक्क त्या कौलाबरोबर आला.

९/ १९९५ मध्ये युक्रेनने अधिकृत इंग्रजी रूप म्हणून के-वाय-आय-व्ही निश्चित केले. योगायोग असा, की 'बॉम्बे'चे अधिकृत 'मुंबई' झाले तेही १९९५ मध्येच. 'पूना'चे 'पुणे' त्याआधी, १९७८ मध्ये झाले होते. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी मुंबई आणि पुणे आधीपासूनच होते. बदलले ते इंग्रजी रूप. युक्रेनियन भाषकांच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

१०/ परंतु निर्णय होणे वेगळे आणि तो जगाने मानणे वेगळे. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने जुने रूप सोडले. ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसने नवे रूप स्वीकारले. 'चिकन कीव्ह' या पदार्थाचे स्पेलिंग मात्र तेव्हा जुनेच राहू दिले. बीबीसी आणि न्यूयॉर्क टाइम्स त्याच वर्षी वळले, इंग्रजी विकिपीडिया सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे फेब्रुवारी २०२२ च्या आक्रमणापूर्वीच हा बदल बराचसा स्थिरावला होता.

११/ युक्रेनियन लिपीत या नावातले तिसरे अक्षर उभ्या दांड्यावर दोन टिंबे असलेले आहे. त्याचा उच्चार 'यी'. रशियन वर्णमालेत हे अक्षर नाही. रशियाच्या ताब्यात गेलेल्या मारिउपोलमध्ये प्रतिकार करणाऱ्यांनी भिंतींवर हेच एक अक्षर रंगवले. ते काढणाऱ्याला दुसरे काही लिहिण्याची गरज नव्हती.

१२/ इतिहास लिहिणाऱ्याने म्हणून काय करावे? आजच्या शहराबद्दल इंग्रजीत लिहिताना के-वाय-आय-व्ही वापरावे. जुन्या ग्रंथाचे शीर्षक किंवा दस्तऐवजातील उद्धरण देताना मात्र मूळ स्पेलिंग बदलू नये, कारण तेही त्या काळाचा पुरावा आहे. जुन्या नकाशावर के-आय-ई-व्ही दिसले, तर नकाशा कोणत्या वर्षाचा आणि तो काढणाऱ्याला हे नाव कोणाकडून मिळाले, हे आधी तपासावे.

(समाप्त)