अनुज्ञा आणि हक्क : चॅट्सवर्थचा बगीचा, किंडरचा माळ

'राष्ट्रीय उद्यान' आणि सरदाराच्या प्रासादाभोवतीचे 'ऐतिहासिक उद्यान' या दोन्हींसाठी मराठीत शब्द एकच आहे. वरवर पाहता ही भाषेची गैरसोय वाटते. कारण एका ठिकाणी मनुष्याने आखलेली रचना असते, तर दुसऱ्या ठिकाणी राखलेला निसर्ग असतो, असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्या इंग्रजी शब्दावरून ही संज्ञा घडली तो 'पार्क' हा शब्दही मुळात राजे-सरदारांच्या शिकारीसाठी कुंपण घालून राखलेल्या जमिनीचा वाचक होता. कुंपण हाच त्याच्या अर्थाचा गाभा होय. त्याच शब्दाला 'सर्वांसाठी खुली जागा' हा अगदी उलटा अर्थ कसा प्राप्त झाला, हे इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात एका दिवसाच्या अंतरात पाहता येते. चॅट्सवर्थचा प्रासाद व बगीचा आणि किंडर स्काउटचे पठार ही दोन्ही स्थळे आज पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात मोडतात. त्यांच्यातील अंतर सुमारे २५ किलोमीटरचे आहे. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रासाद व पठाराचा मोठा भाग या दोहोंवर एकाच घराण्याची मालकी होती, ती डेव्हनशरच्या ड्यूकांची, म्हणजे कॅव्हेंडिश कुळाची.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा परगणा अनोळखी नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधील एलिझाबेथ बेनेट मामा-मामींबरोबर येथेच प्रवासाला येते. त्यांच्या पाहण्याच्या स्थळांत चॅट्सवर्थचे नाव कादंबरीत स्पष्टपणे येते. पुढे पेम्बर्ली पाहताना तिला सर्वाधिक भावते ते हे की, तेथील निसर्ग कोणी ओढूनताणून सजवलेला दिसत नाही. ही अभिरुची तिची एकटीची नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडभर रूढ झालेली ती दृष्टी आहे आणि तिचा सर्वांत मोठा कारागीर लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) हा होता.

चॅट्सवर्थला सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच धाटणीची भूमितीबद्ध बाग होती. १६९६ मध्ये रचलेली पाण्याची पायरीवजा वाट तिचा अवशेष म्हणून आजही टिकून आहे. १७६०च्या दशकात चौथ्या ड्यूकने ब्राउनला पाचारण केले. सरळ रेषा पुसल्या गेल्या, टेकड्यांना सौम्य उतार आले, डर्वेंट नदीचे पात्र डोळ्यांना रुचेल असे बदलण्यात आले. 'स्वाभाविक' दिसणारी ही हिरवळ, अशा रीतीने, अपार मेहनतीने घडवली गेली. या शैलीची खरी युक्ती मात्र कुंपणात आहे. बागेच्या कडेला एका अंगाने भिंत बांधलेला खोल चर खणायचा. म्हणजे गुरे आत येत नाहीत आणि प्रासादाच्या खिडकीतून पाहणाऱ्यास कोठेही अडसर दिसत नाही. या चराला 'हा-हा' असे विनोदी नाव पडले. कुंपण नाहीसे झाले नाही. ते केवळ दृष्टीआड झाले.

दृष्टीआड करण्याची ही वृत्ती चरापुरती थांबली नाही. एडन्सर हे खेडे प्रासादासमोर पसरलेले होते. नदीकडील घरे अठराव्या शतकातच हटवली गेली; उरलेले गाव सहाव्या ड्यूकने १८३८ नंतरच्या काही वर्षांत टेकडीच्या आड नव्याने वसवले. नवी घरे जुन्यांहून चांगली होती, हे नमूद केले पाहिजे. तथापि ती बांधण्याचे निमित्त रहिवाशांची गरज नव्हे, तर ड्यूकच्या खिडकीतील दृश्य हे होते. हे काम ज्याच्या देखरेखीखाली झाले तो जोसेफ पॅक्स्टन १८२६ पासून चॅट्सवर्थचा मुख्य माळी होता. टेकडीवर तळे खोदून केवळ उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर सुमारे ९० मीटर उंच उडणारे कारंजे त्याने १८४४ मध्ये उभारले. मॉरिशसहून आलेल्या केळीच्या एका रोपाला त्याने येथील काचघरात १८३५ मध्ये फुलवले आणि त्या केळीला आपल्या धन्याच्या कुळाचे नाव मिळाले. जळगावच्या बागांतील बसराई केळी वनस्पतिशास्त्रात आजही 'कॅव्हेंडिश' गटात गणली जाते.

या बगीच्याची दारे लोकांना बंद होती, असे मात्र कोणी समजू नये. सहावा ड्यूक या बाबतीत उदार होता. आलेल्या प्रत्येकासाठी, भेद न करता, कारंजी सुरू करावीत असा त्याचा दंडक होता. १८४९ मध्ये रेल्वे जवळच्या रोझलीपर्यंत पोचल्यावर गिरणगावांतील कामगारांचे लोंढे येथे येऊ लागले. पेम्बर्लीत एलिझाबेथला घर दाखवणारी कारभारीण आणि चॅट्सवर्थचा हा दंडक, दोन्हींमागील तत्त्व एकच : मालकाने द्यावे, पाहुण्याने कौतुकाने पाहावे. ही अनुज्ञा होती आणि अनुज्ञा देणाराच ती नाकारूही शकत होता.

किंडरवर ती नाकारली गेली. ६३६ मीटर उंचीचे हे पठार मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये आहे. रविवारी धुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या कामगारांना ते सर्वांत जवळचे; परंतु ते ग्राऊस या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखीव होते आणि त्यावर रखवालदारांचा पहारा असे. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाजवळच्या खाणीतून काहीशे तरुण ठरवून, जाहीर करून, विनापरवाना वर चढले. त्यांचा नेता बेनी रॉथमन हा अवघ्या वीस वर्षांचा, मँचेस्टरमधील ज्यू कुटुंबातला कम्युनिस्ट कार्यकर्ता होता. रखवालदारांशी झटापट झाली. परक्याच्या जमिनीत पाऊल टाकणे हा तेथे फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंगलीसारखे आरोप ठेवण्यात आले आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. रॉथमनला चार महिने मिळाले.

या घटनेभोवती पुढे दंतकथेचे वलय निर्माण झाले, म्हणून दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पदभ्रमण करणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांचा या कृतीला विरोध होता. अनेक दशकांच्या संयमी प्रयत्नांना तिने बाधा येईल, असे त्यांना वाटे. ते प्रयत्नही खरेच जुने होते : जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांवर फिरण्याच्या हक्काचे विधेयक १८८४ मध्येच मांडले होते. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने कायद्याचे श्रेय म्हणूनच एका रविवारला देता येत नाही. त्या रविवारने केले ते एवढेच की, प्रश्नाची भाषा बदलली. विनंतीच्या जागी हक्क आला. त्या कायद्यानुसार १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. यलोस्टोनप्रमाणे ते शासनाच्या मालकीचे रान नव्हे. तेथे गावे आहेत, शेते आहेत, बहुतांश जमीन खाजगी आहे. मोकळ्या माळावर कोणासही चालण्याचा सर्वसाधारण हक्क तर त्याही नंतर, २००० च्या कायद्याने मिळाला आणि तोही आज इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूमीपुरताच आहे.

किंडरचा माळ तरी 'नैसर्गिक' म्हणावा काय? एकेकाळचे अरण्य तेथून मनुष्यानेच तोडले. ग्राऊससाठी हेदरची झुडपे पाळीपाळीने जाळण्यात आली आणि गिरण्यांच्या धुराने तेथील शेवाळ मारले, त्यामुळे काळी माती उघडी पडून वाहू लागली. गेली अनेक वर्षे ते शेवाळ पुन्हा लावण्याचे काम तेथे चालू आहे. म्हणजे माळही घडवलेलाच. फक्त त्याच्या माळ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मराठीने दोहोंना एकच शब्द दिला, त्यात नकळत तथ्य आहे.

२००२ मध्ये, सत्तराव्या स्मृतिदिनाच्या सोहळ्यात, अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या त्या वेळच्या भूमिकेबद्दल जाहीर क्षमा मागितली. कॅव्हेंडिश घराण्याच्या दृष्टीने हे वर्तुळ तेथे पूर्ण झाले असेल. वाचकाच्या दृष्टीने मात्र एक काम उरते. वर्गात पेम्बर्लीचे प्रकरण शिकवताना आपण एलिझाबेथच्या बदलत्या मनाविषयी बोलतो आणि ते योग्यच आहे. पण त्या घरात जाण्यास राजी होण्यापूर्वी, मालक घरी नाहीत ना, याची ती खात्री करून घेते. त्या चौकशीत तिचा संकोच आहे, तसेच पाहुण्याचे स्थानही आहे. ज्या दृश्याने ती हरखते त्यातून कोणती घरे हलवली गेली असतील, आणि तेथे पाऊल टाकण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत असे, हे प्रश्न त्या प्रकरणाचे सौंदर्य कमी करत नाहीत. ते विचारले तर पुस्तकातील हिरवळीच्या कडेचा तो चर आपल्याला दिसू लागतो.